शब्बाथशाळेच्या शिक्षकासाठी यूव्हर्जन बायबल ॲप: मराठीत काय जमतं, कुठे अडतं

रविवारी वर्गात सुवर्णवचन म्हणून घेताना अर्धी मुलं एका शब्दावर थांबतात आणि अर्धी दुसऱ्याच शब्दाने पुढे जातात. यात मुलांचं पाठांतर कच्चं असतंच असं नाही. घरी आईच्या फोनवर बायबल ॲप एका अनुवादावर उघडलेलं असतं आणि मंडळीत वाचन दुसऱ्या अनुवादातून होतं. म्हणून यूव्हर्जनच्या बायबल ॲपबद्दल शिक्षकांना सांगायची पहिली गोष्ट हीच: ॲप उत्तम आहे, फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, पण ते फोनमध्ये घातलं की काम झालं असं समजू नका. आवृत्ती नीट निवडली नाही तर पाठ तयार करण्यातला वाचलेला अर्धा तास वर्गातल्या गोंधळात जातो.

हे ॲप अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ डॉट चर्च या मंडळीने बनवलं आणि जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हापासून ते उपलब्ध आहे. अँड्रॉइडवर आणि संगणकाच्या ब्राउझरमध्येही चालतं. बटणं आणि सूचनाही मराठीत करता येतात. वाचायला खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहान मुलांच्या नावाने खाती उघडायची गरजच नाही. वचनांना लावलेले रंग, टिपणं आणि वाचन योजना जपून ठेवायच्या असतील तर खातं लागतं, आणि ते शिक्षकाने स्वतःपुरतं उघडावं.

आता आवृत्त्या. वाचनाच्या पानावर वरच्या बाजूला पुस्तकाचं नाव व अध्याय दिसतो आणि त्याच्या शेजारी रोमन अक्षरांतलं एक आखूड नाव दिसतं. ते आवृत्तीचं बटण. ते दाबलं की भाषा निवडायला मिळते. तिथे मराठी घेतलं की आवृत्त्यांची यादी येते. शिक्षकाच्या रोजच्या कामात त्यातल्या तीन येतात. पहिली बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर.व्ही., म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्शन, पुन्हा संपादित केलेली. तिच्या नावात शेवटी बीएसआय ही अक्षरं असतात. बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये वेदीवर, बाकावर आणि घराघरांत जे काळ्या बांधणीचं पवित्र शास्त्र असतं, त्याच्या जवळची ही. दुसरी २०१९ ची इंडियन रिव्हाइज्ड व्हर्शन, म्हणजे आय.आर.व्ही. तिसरी बीएसआयचीच सोप्या बोलीतली, सी.एल. (कॉमन लँग्वेज) नावाची.

आर.व्ही. आणि आय.आर.व्ही. वरवर इतक्या सारख्या वाटतात की फरक पटकन लक्षात येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. स्तोत्र २३ चं पहिलं वचन घ्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ इथपर्यंत सगळी मुलं एका सुरात जातात. आर.व्ही.त पुढे ‘मला काही उणे पडणार नाही’ असं आहे; आय.आर.व्ही.त त्याच अर्थाचं वाक्य वेगळ्या शब्दांत येतं. दोन्हींचा अर्थ बरोबर आहे, कोणतीही चूक नाही. पण पाठांतर स्पर्धेत परीक्षकापुढे छापील आर.व्ही. उघडं असतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला ‘तुझंही बरोबर, पण इथे असं म्हण’ हे समजावणं कठीण जातं. मी तर म्हणेन की वर्ष सुरू होतानाच सगळ्या शिक्षकांनी बसून एक आवृत्ती ठरवावी आणि पालकांच्या फोनवर ती स्वतः लावून द्यावी. प्रत्येक फोनला दोन मिनिटं पुरतात. एकदा निवडलेली आवृत्ती ॲप लक्षात ठेवतं. मात्र कुणी पाठवलेला दुसऱ्या आवृत्तीचा दुवा उघडला, तर नंतर वाचायला बसताना वरचं आखूड नाव एकदा बघून घ्यायचं.

आवृत्त्यांमधला हाच फरक उलट बाजूने कामाला येतो. एखादं वचन बोटाने दाबलं की खाली पट्टी उघडते: रंग, नक्कल, पाठवा, टिपण, चित्र आणि तुलना. तुलना दाबली की तेच वचन इतर आवृत्त्यांत एकाखाली एक दिसतं. पाठाची तयारी करताना याचं मोल फार आहे. ‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘पवित्रीकरण’ हे शब्द दहा-बारा वर्षांच्या मुलांना एकदम कळत नाहीत. सी.एल.मधलं वाक्य शेजारी ठेवलं की समजावण्यासाठी सोपा शब्द आयता मिळतो. पाठांतर आर.व्ही.तून, समजावणं सी.एल.च्या मदतीने, अशी विभागणी केली तर मुलांचाही गोंधळ होत नाही.

छापील कागद वाटणाऱ्या शिक्षकांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. आय.आर.व्ही.चा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली खुला आहे. म्हणजे अख्खा अध्याय रंगवायच्या पानांवर, कोड्यांत किंवा नाटिकेच्या संहितेत छापता येतो. अट एवढीच की मूळ आवृत्तीचं आणि परवान्याचं नाव द्यावं, बदल केले असतील तर तसं लिहावं आणि आपलं कामही त्याच परवान्याने खुलं ठेवावं. आर.व्ही.चे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत. सुवर्णवचनापुरती एखादी ओळ फळ्यावर लिहिणं वेगळं आणि मार्कचं संपूर्ण शुभवर्तमान छापून शंभर प्रती विकणं वेगळं. मोठ्या छपाईआधी सोसायटीला पत्र लिहून परवानगी घ्यावी. मंडळीच्या कामात हे नियम काटेकोरपणे पाळले जावेत, असं मला मनापासून वाटतं. आपण मुलांना ‘चोरी करू नको’ ही आठवी आज्ञा शिकवतो.

नेटवर्कशिवाय वाचन हा या ॲपचा दुसरा मोठा उपयोग. गावातल्या उपासनामंदिरात, जाड दगडी भिंतींच्या आत, सिग्नल एका काडीवर येतो. म्हणून आवृत्ती आधीच उतरवून ठेवावी. आवृत्त्यांच्या यादीत नावाशेजारी खाली जाणारा बाण असेल तर ती उतरवता येते. बाण नसेल तर हक्कधारकाने ती सोय दिलेली नाही असं समजावं. खात्यात प्रवेश करून, घरच्या वायफायवर, शनिवारी रात्री हे करून टाका. मजकुराला जागा थोडीच लागते. उतरवल्यावर फोन विमान मोडवर टाकून दोन-तीन अध्याय उघडून बघा, त्यातला एक जुन्या करारातला असू द्या. आधी वाचलेला अध्याय फोनने नुसता आठवणीत ठेवलेला असू शकतो, त्यामुळे कधीच न उघडलेला अध्याय उघडला तरच खात्री होते. नहूम किंवा ओबद्या ही जुन्या करारातली पुस्तकं बहुतेकांची न उघडलेली असतात.

ध्वनीचं गणित वेगळं आहे. ज्या आवृत्तीला ध्वनी आहे तिच्या पानावर स्पीकरचं चिन्ह दिसतं, पण यूव्हर्जनमधला ध्वनी चालू नेटवरच ऐकायचा असतो. वर्गात ऐकवायचा असेल तर फेथ कम्स बाय हिअरिंग या संस्थेचं बायबल डॉट इज हे ॲप जास्त उपयोगी, कारण तिथे ध्वनी उतरवून ठेवता येतो. ६४ केबीपीएसच्या ध्वनीला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांच्या अध्यायाला अडीच एमबी. संपूर्ण नवा करार उतरवण्याऐवजी त्या महिन्याच्या पाठांचे अध्याय घेतले तर कमी जागेच्या फोनवरही भागतं. फोनचा स्वतःचा स्पीकर वीस मुलांच्या खोलीला पुरत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि जोडणी वर्ग सुरू होण्याआधी तपासा, नाहीतर शेजारच्या तरुण संघाच्या स्पीकरमधून तुमचा मत्तय ऐकू येईल. वाचायला न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर ही दोन्ही ॲप फार मोठी सोय आहे. वेग कमी करायचं बटण यूव्हर्जनच्या ध्वनिपट्टीत आहे, ते त्यांना आवर्जून दाखवून द्या.

शोध ही या ॲपची मराठीतली सर्वांत नाजूक बाजू, आणि त्याचा दोष बराचसा आपल्या लिपीच्या संगणकी इतिहासाकडे जातो. ‘दुसऱ्या’, ‘खऱ्या’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एक नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत जोडून, दुसरा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडणारा संकेत लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तुमच्या कळफलकाने एक प्रकार लिहिला आणि मजकुरात दुसरा असला, तर समोर असलेलं वचनही हाती लागत नाही. उपाय सोपा: असा शब्द शोधात टाकूच नका, त्याच वचनातला दुसरा ठळक शब्द घ्या. दुसरी अडचण विभक्तीची. ‘मेंढपाळ’, ‘मेंढपाळाने’, ‘मेंढपाळांना’ हे वेगवेगळे शोधून बघावे लागतात. तिसरी शुद्धलेखनाची: जुन्या छापील प्रतीत ‘प्रीति’, ‘शांति’ असं ऱ्हस्व असतं, पुन्हा संपादित आवृत्तीत दीर्घ. जुन्या प्रतीवर वाढलेल्या शिक्षकाचा हात सवयीने ऱ्हस्व लिहितो आणि उत्तर रिकामं येतं. दोन शब्द घाला, आवृत्ती तीच ठेवा, तरी नाही मिळालं तर कोणता शब्द कोणत्या वचनात आहे ते सांगणारी छापील शब्दसूची काढा. ती पुस्तकं रद्दीत देऊ नका.

नक्कल केलेलं वचन व्हॉट्सॲपवर टाकताना ॲप त्याच्यासोबत संदर्भ आणि आवृत्तीचं आखूड नाव जोडतं. ‘पाठवा’ वापरलं तर दुवाही जातो. तो दुवा त्याच आवृत्तीत उघडतो आणि समोरच्याकडे ॲप नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतो. म्हणून पालकांना सुवर्णवचन पाठवताना पडद्याचा फोटो न पाठवता दुवा पाठवा. फोटोतलं अक्षर मोठं करता येत नाही, ऐकता येत नाही, आणि महिन्याभरात फोनची जागा खातो.

टायपिंगसाठी जीबोर्डचा मराठी कळफलक पुरेसा आहे. बोलून लिहिण्याची सोयही त्यात आहे. पण हबक्कूक, सफन्या, थेस्सलनीका, फिलेमोन अशी नावं बोलून लिहिली तर हाताने तपासा. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये शब्दकोश, मग वैयक्तिक शब्दकोश, मग मराठी असं जाऊन ही नावं एकदा घालून ठेवली की पुढे सुचवणीत येतात. तिथेच शब्दाला आखूड खूणही देता येते. ‘सुव’ लिहिलं की ‘या रविवारचे सुवर्णवचन’ एवढं पुढे यावं, असं करता येतं. जुने पाठ आणि प्रश्नसंच श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये असतील तर फोनवर ते अगम्य इंग्रजी खुणांसारखे दिसतात, कारण त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. फाइल बिघडलेली नसते. युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन वापरा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. ‘ख्रिस्त’, ‘प्रार्थना’, ‘आशीर्वाद’ हे शब्द आधी बघा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बदलताना जागा चुकतात.

वचनाचं चित्र बनवायची सोय मुलांना आवडते, फलकावरही शोभते. वीसएक शब्दांपर्यंतचं वचन नीट बसतं, त्याहून लांब घेतलं की अक्षर बारीक होतं आणि फिकट आभाळावर पांढरी अक्षरं वाचवत नाहीत. गडद पार्श्वभूमी घ्या.

प्रोजेक्टरला फोन सरळ जोडायचा विचार सहसा सोडावा. स्वस्त फोनच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर जातच नाही, त्यामुळे तार आणूनही काही दिसत नाही. बिनतारी जोडणीला मंदिरात चांगलं वायफाय लागतं. लॅपटॉपवर यूव्हर्जनचं बायबल डॉट कॉम हे संकेतस्थळ उघडा, भाषा मराठी करा, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून अक्षर मोठं करा, एका वेळी चार-पाच ओळी दिसतील एवढं. नेटचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशी वचनं पॉवरपॉइंटमध्ये चिकटवा आणि फॉन्ट युनिकोडचाच ठेवा. फोन दाखवणारच असाल तर आधी ‘व्यत्यय नको’ चालू करा. प्रार्थनेच्या वेळी पडद्यावर बँकेचा संदेश येणं कोणालाच नको.

वाचन योजना भरपूर आहेत, मराठीतही आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अनुवादित असल्याने वाक्यं परकी वाटतात. मुलांसाठी साधा मार्ग जास्त चांगला: लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एका अध्यायाचा दुवा पालकांना पाठवला तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक संपतं. मार्कचे १६ अध्याय, रोज दोन घेतले तर पुनरुत्थानाच्या रविवारआधीचे आठ दिवस पुरतात. मोठ्यांना वर्षात सगळं शास्त्र वाचायचं असेल तर १,१८९ अध्यायांना ३६५ ने भागा: रोज तीन, आणि अधूनमधून एखादा जास्त. स्तोत्र ११९ ला तेवढी वेगळी संध्याकाळ ठेवा, त्यात १७६ वचनं आहेत.

सलग किती दिवस वाचलं याचा आकडा ॲप दाखवतं. तो मुलांमध्ये स्पर्धेसाठी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत कामावर जातो, त्या मुलाचा आकडा रोज तुटतो. हजेरीचे तारे द्यायचे तर वर्गात म्हटलेल्या वचनाला द्या.

पालकांचा व्हॉट्सॲप गट करताना दोन गोष्टी. गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मोठ्या मंडळीत हे सगळ्यांना चालत नाही. कम्युनिटी करून फक्त तिच्या घोषणा गटातून पाठ पाठवले तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीही चालते, पण तिची मर्यादा २५६ जणांची आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ‘मला पाठ आलाच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. प्रश्नमंजूषेसाठी गटातलं मतदान पुरतं, त्यात १२ पर्यायांपर्यंत देता येतात. गूगल फॉर्म करायचा तर पर्यायी उत्तरंच ठेवा. ‘याकोब’ की ‘याकोबाने’, ‘दावीद’ की ‘दाविद’ असं लिहिलेलं उत्तर फॉर्म सरळ चूक धरतो आणि बरोबर उत्तर लिहिलेलं मूल हिरमुसतं.

या ॲपमध्ये नसलेली मोठी गोष्ट म्हणजे आपली गीतं. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक इथे मिळणार नाही, ते वेगळं ठेवावं लागतं. मंडळीची छापील प्रत आणि पेटीवर सूर धरणारं कुणीतरी, हे रविवारी लागणारच. वसई पट्ट्यातल्या किंवा इतर कॅथलिक धर्मशिक्षकांनी हेही ध्यानात घ्यावं की वर सांगितलेल्या आर.व्ही. आणि आय.आर.व्ही. ६६ पुस्तकांच्या आहेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात; त्यातली जास्तीची सात, म्हणजे तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे, त्यांत सापडणार नाहीत. मिस्सेच्या वाचनांसाठी धर्मग्रामाने मान्य केलेला छापील ग्रंथच धरावा.

नवीन शिक्षकाला ॲप लावून द्यायचं असेल तर क्रम असा ठेवा: ॲप घ्या, भाषा मराठी करा, मंडळीने ठरवलेली आवृत्ती निवडा, ती उतरवा, विमान मोडवर तपासा, अक्षर मोठं करा, रोजच्या वचनाची सूचना सकाळी सहाला ठेवा आणि बाकीच्या सूचना बंद करा. शेवटी त्यांच्या हातून एक वचन शोधून, त्याला रंग देऊन, त्याचा दुवा तुम्हाला पाठवून घ्या. दुव्यात आवृत्तीचं नाव बरोबर आलं की पुढच्या फोनकडे वळा.